घरच्यांसाठी

‘माझा स्वतःचा विश्वास नाही हो, पण घरच्यांसाठी करावं लागतं.’

हे वाक्य ऐकलं नाही असा सुशिक्षित मराठी माणूस शोधून सापडायचा नाही. वास्तुशांतीच्या पाटावर सोवळं सावरत बसलेला इंजिनिअर हे म्हणतो. त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करून आलेला डॉक्टर म्हणतो. पत्रिका जुळत नाही म्हणून चांगलं स्थळ सोडून देणारा प्राध्यापकही म्हणतो. म्हणताना थोडं हसायचं असतं. त्या हसण्याने दोन कामं होतात: समोरच्याच्या नजरेत आपण अडाणी ठरत नाही आणि घरात भांडणही होत नाही. मी स्वतः हे वाक्य पंचवीसेक वर्षं वापरलं आहे. त्याच्याविषयी लिहायचा हक्क मला असलाच, तर तो तेवढ्यामुळेच.

धर्म आणि चिकित्सा यांचं भांडण आपल्याकडे बहुतेक वेळा भगत, बुवा, अंगात येणं, करणी यांच्यावरून मांडलं जातं. मांडायला ते सोपं, कारण तिथे फसणारा दुसराच कोणीतरी असतो. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाअखेर जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो हवाच होता. पण तो कायदा तुमच्याआमच्या दिवाणखान्यात येत नाही, कारण तिथे बुवा नसतो. तिथे आपली फसवणूक आपणच करत असतो, तीही चहापाणी देत, अगदी सभ्यपणे.

२१ सप्टेंबर १९९५ चा गुरुवार अनेकांना आठवत असेल. त्या दिवशी देशभर गणपती दूध प्यायला. मिरजेच्या बाजूचं आमचं गाव. देवळासमोर सकाळपासून रांग, प्रत्येकाच्या हातात वाटी आणि चमचा. वडील हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. शाळा सुटल्यावर तेही रांगेत उभे राहिले; वाटी आईने भरून दिली होती. चमचा सोंडेला टेकवला आणि दूध खरंच कमी होत गेलं. घरी आल्यावर त्यांनी चमचा पुन्हा काठोकाठ भरला, मागच्या दारच्या पाट्यावर वरवंटा उभा केला, त्यावर पाणी शिंपडलं आणि चमचा त्याला लावला. वरवंटाही दूध प्यायला. भरलेल्या चमच्याला ओला दगड टेकला की पृष्ठताणामुळे दूध ओढलं जातं आणि पातळ पापुद्र्यासारखं दगडावरून खाली उतरतं. मूर्ती आधीच भिजलेली असली की ते ओघळणं डोळ्यांना दिसत नाही. शास्त्रज्ञांनी दुधात रंग घालून लोकांना हेच दाखवलं. वडिलांनी मला मागच्या दारी बोलावून दाखवलं. आईला मात्र दाखवलं नाही. ‘कशाला, तिला उगाच वाईट वाटेल,’ म्हणाले.

मला तेव्हा तो समजूतदारपणा वाटला. आज वाटतं, वरवंट्याला चमचा लावण्याएवढी जिज्ञासा ज्या माणसाकडे होती, त्याला प्रयोगाचा निकाल मागच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत नेता आला नाही. अंतर पाच पावलांचं. आईला खरोखर वाईट वाटलं असतं का, हे त्यांनी तिला विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी चटणी वाटायला बसल्यावर तीच म्हणाली होती, ‘वरवंट्याला दुधाचा वास कसा येतोय रे?’ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

पुढच्याच वर्षी वडील गेले. पुरुषमाणसं अंगणात, बायका आत. मी अंगणात उभा होतो, बांबू आणि सुतळी आणायला कोण गेलंय याची चौकशी करत. आतून बांगड्या फुटल्याचा आवाज आला. मी दाराकडे वळलो असेन, कारण काकांनी खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, ‘बायकांचं बायका बघतील.’ मी वळलो तसाच परत फिरलो. कॉलेजात असताना वक्तृत्व स्पर्धेत मी आगरकरांवर बोललो होतो, त्यात मिळालेला पितळी पेला आतल्या खोलीत कपाटावर होता. म्हणजे जिथे बांगड्या फुटल्या, त्याच खोलीत.

१९९९ साली माझं लग्न झालं. सगळं आईने केलं. कार्यालय तिने ठरवलं, आचाऱ्याशी घासाघीस तिने केली, विहीणबाईंचं लुगडं तिने निवडलं, पत्रिकेवर कोणाचं नाव कुठे यायचं तेही. तिच्या नावामागे विधवेचं ‘गं. भा.’ न लावता आम्ही ‘श्रीमती’ छापलं, आणि एवढ्यावर मी स्वतःला सुधारक समजलो. देवक बसवायच्या आदल्या दिवशी मी तिला विचारलं, ‘आई, पाटावर काका-काकू बसतील, तुला चालेल ना?’ ती पापडांचे डबे मोजत होती. न थांबता म्हणाली, ‘मला कशाला हवंय ते? बसू दे त्यांना.’

तिच्या उत्तराने मला किती हायसं वाटलं ते अजून आठवतं. आपण विचारलं, तिने स्वखुशीने सांगितलं, विषय संपला. आता त्या हायसं वाटण्याचाच मला जास्त संशय येतो. जिथे न्याय झाला असेल तिथे इतकं हायसं वाटायचं कारण नसतं.

दोन वर्षांपूर्वी घराला रंग द्यायला काढला, तेव्हा माळ्यावरून लग्नाचा अल्बम खाली आला. शे-दीडशे फोटोंत आई एकाच ठिकाणी नीट दिसते: कोठीच्या खोलीच्या दारात, कमरेला किल्ल्या, हातात लाडवांची परात, चेहरा अर्धा वळलेला. मी म्हटलं, ‘तू कुठेच नाहीस गं यात.’ ती म्हणाली, ‘मी होते की. मुसळ मी घासून ठेवलं होतं, त्याला आंब्याची पानं मी बांधली होती. हात तेवढा काकूचा.’ मुसळ म्हणजे लग्नाआधी घाणा भरायचं, त्याला सवाष्णींनीच हात लावायचा. मी चटकन म्हणालो, ‘पण मी तुला विचारलं होतं.’ त्यावर तिने चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. ‘विचारलं नव्हतंस रे, सांगितलं होतंस. चालेल ना, असं म्हटल्यावर माणूस नाही कसं म्हणणार?’

मराठीतल्या या ‘ना’वर मी तेव्हापासून बराच विचार केला आहे. ‘चालेल का?’ हा प्रश्न आहे. ‘चालेल ना?’ ही विनवणी आहे: उत्तर मी ठरवून आणलंय, तू फक्त त्यावर सही कर. आपल्या घरांतून धर्माविषयी, रूढीविषयी जे काही विचारलं जातं, त्यातलं बहुतेक याच साच्यातलं असतं. ‘तुम्हाला काही वाटणार नाही ना?’ ‘तिला स्वतःलाच अवघडल्यासारखं होईल ना?’ आमच्या सोसायटीत संक्रांतीचं हळदीकुंकू व्हायचं तेव्हा शेजारच्या एका बाईंना बोलावणं जायचं नाही. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून बोलावत नाही, असं सगळ्या एकमेकींना सांगत. त्यांच्या दारावरची बेल मात्र कोणीच वाजवली नाही. मीही नाही, आणि मी तर मागच्याच वर्षी गणेशोत्सवात स्त्रीमुक्तीवर व्याख्यान ठेवलं होतं.

चिकित्सेची हिंमत म्हणजे देव आहे की नाही यावर वाद घालण्याची हिंमत, अशी माझी पुष्कळ वर्षं समजूत होती. तो वाद मी कॉलेजात रात्र रात्र घातला, त्यात माझं काहीच पणाला लागलेलं नव्हतं. उत्तर आपल्याला अडचणीचं येऊ शकेल असा प्रश्न ज्या माणसाला त्याचं उत्तर ठाऊक आहे त्यालाच विचारणं, हे त्याहून पुष्कळ अवघड. तिथे मी नापास झालो.

हा रोग नवा नाही. आपल्याकडच्या मोठमोठ्या माणसांनाही त्याने गाठलं आहे, आणि त्यांच्याबाबतीत तो जास्त स्पष्ट दिसतो, कारण ते आपल्यासारखे लपून राहू शकत नव्हते.

१८७३ साली महादेव गोविंद रानडे यांची पहिली पत्नी वारली. रानडे एकतीस वर्षांचे, पुण्यात न्यायखात्यात नोकरीला आणि विधवाविवाहाचे उघड पुरस्कर्ते. आता हे विधवेशीच लग्न करणार, असं मित्रांनी धरलंच होतं. वडिलांनी अकरा वर्षांची मुलगी ठरवली आणि रानड्यांनी वडिलांचा शब्द मोडला नाही. म्हणजे घरच्यांसाठी. पुढे १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने जमलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांचा तो उपद्व्याप. त्यांनी नंतर हजर असलेल्यांची नावंच छापून आणली. हजर असलेल्यांत रानडे होते, टिळक होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, बहिष्काराची भाषा झाली. टिळकांनी शास्त्राच्याच आधाराने वाद लढवला. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतलं, आणि ‘सुधारक’कार आगरकरांसकट अनेकांनी त्यांना धारेवर धरलं. प्रायश्चित्ताचं कारण काय, तर बरोबरच्या मित्रांच्या घरची कार्यं अडली होती, त्यांची सोय व्हावी. पुन्हा घरच्यांसाठी, फक्त या वेळी घर थोडं मोठं.

रानड्यांना ढोंगी म्हणणाऱ्यांत मी नाही. ज्या अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांनी लग्न केलं, तिला त्यांनी शिकवलं, घरातल्या बायकांचा रोष पत्करून शिकवलं. पुढे पुण्याच्या सेवासदनामागे उभ्या राहिलेल्या रमाबाई रानडे त्या याच. टीका झाली ती त्यांनी अंगावर घेतली, कोणावर ढकलली नाही. आपण कुठे नमलो हे ते जाणून होते असं मला वाटतं, आणि जाणून असणं ही लहान गोष्ट नाही. पण या सगळ्या हकिकतीत एक माणूस कुठेच नाही. १८७३ साली रानड्यांनी जिच्याशी लग्न केलं असतं, ती. तिचं नाव आपल्याला ठाऊक नाही, कारण ती गोष्टीत आलीच नाही. वडिलांचं मन राखलं गेलं, मुलाची पितृभक्ती सिद्ध झाली, समाजाचा तोल सांभाळला गेला, आणि या सगळ्याचं बिल एका अशा बाईच्या नावावर निघालं जी त्या घरातली नव्हती. ‘घरच्यांसाठी’ म्हणतो तेव्हा नेहमी असंच होतं. किंमत द्यायला घरचं कोणी नसतं. किंवा असतं ते कोठीच्या खोलीत असतं.

त्याच १८७३ साली, त्याच पुण्यात, जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला. त्या नावाकडे आपण आता सवयीने दुर्लक्ष करतो. सत्य सांगणारा समाज नव्हे, शोधणारा. फुले नास्तिक नव्हते. ते निर्मिक, म्हणजे सृष्टी निर्माण करणारा ईश्वर, मानत, आणि मरणापूर्वी त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहून ठेवला. तेव्हा धर्म एका बाजूला आणि प्रामाणिक शोध दुसऱ्या बाजूला, अशी सरळ वाटणी करणाऱ्यांना फुले अडचणीचेच ठरतात. दहा वर्षं आधी, १८६३ मध्ये, त्यांनी आणि सावित्रीबाईंनी आपल्याच घराशी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं होतं. वाट चुकलेल्या किंवा वाट चुकवल्या गेलेल्या विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल ठेवायचं तर ठेवावं. अशाच एका बाळंतिणीचा मुलगा यशवंत त्यांनी दत्तक घेतला. आणि २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले, तेव्हा त्या दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद काढला. चरित्रांत असं येतं की सावित्रीबाई स्वतः टिटवं, म्हणजे मडकं, धरून अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. पंचहौदातल्या चहाला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. एका बाजूला पुण्यातली शिकलेली मंडळी कपाला ओठ लागला की नाही याचा खल करत होती; दुसऱ्या बाजूला एक बाई, वैधव्याच्या अगदी पहिल्या दिवशी, सगळ्यांच्या पुढे चालत होती. त्याच वर्षी मुंबईत कामगारपुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनी ठरवलं की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. वस्तरा ज्याच्या हातात, त्याने खाली ठेवला. ‘आम्ही काय, सांगितलं तसं करतो,’ हे म्हणायला त्यांना कोणाहीपेक्षा जास्त सबब होती, आणि त्यांचं पोटही त्यावर होतं.

आता एक अडचणीचा मुद्दा. घरच्यांचं भय सगळं खोटंच असतं का? नसतं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली विधवेशी लग्न केलं तेव्हा मुरूडच्या गावकऱ्यांनी बहिष्काराचा ठराव केला, आणि त्याचा ताप त्यांच्या आईला आणि भावाला झाला. मुलगा पुण्यात, शिक्षा कोकणातल्या घराला. अशा वेळी ‘घरच्यांसाठी’ हा शब्द उच्चारणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. पण १९९९ साली आमच्यावर कोण बहिष्कार टाकणार होतं? आचारी आला असता, बँडवाले आले असते, आहेराची पाकिटंही आली असती. फार तर आत्याने दोन दिवस तोंड वाकडं केलं असतं. कर्व्यांचं भय खरं होतं आणि त्यांनी ते ओलांडलं. माझं भय मी त्यांच्याकडून उसनं आणलं होतं, न ओलांडण्यासाठी.

दुसरी पळवाट जास्त विद्वान आहे: ‘हा धर्म नाहीच, ही नुसती रूढी. मूळ शास्त्रात असं कुठे आहे?’ ही वाट सुधारकांनीच पाडली, आणि का पाडली ते समजतं. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशरस्मृतीतला ‘नष्टे मृते प्रव्रजिते’ हा श्लोक काढून दाखवला, १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा झाला. आपल्याकडे विष्णुशास्त्री पंडितांनी तोच झेंडा घेतला. १८७० मध्ये पुण्यात शंकराचार्यांसमोर दोन्ही बाजूंच्या शास्त्र्यांचा रीतसर वाद झाला आणि निकाल सुधारकांच्या विरुद्ध गेला. डावपेच म्हणून त्या काळी हे कदाचित अटळ होतं. पण आज, दीडशे वर्षांनी, आपणही तेच करतो. मग मला विचारावंसं वाटतं, तो श्लोक सापडलाच नसता तर? पराशराने एवढं एक पान लिहायचं राहून गेलं असतं, तर मुलींच्या डोक्यावरून वस्तरा फिरवणं योग्य ठरलं असतं? नाही म्हणत असाल, तर तुम्ही श्लोकाआधीच निर्णय केला आहे, श्लोक नंतर शोधला. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. उलट तेच उघडपणे म्हणावं. निर्णय मनाने केला आहे आणि जबाबदारी माझी आहे, हे तुकोबांनी केव्हाच म्हणून ठेवलं आहे: ‘सत्य असत्याशी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमता॥’ विठ्ठलाच्या पायाशी बसलेल्या माणसाने मनाला साक्षीला बोलावलं, बहुमताला नाही. आपण कीर्तनात या ओळीवर टाळ वाजवतो आणि घरी येऊन बहुमताप्रमाणे पाट मांडतो.

शब्द बदलून मन शांत करायची कला तर आपल्याकडे फारच पिकलेली. मी ‘गं. भा.’ काढून ‘श्रीमती’ घातलं. एप्रिल २०२३ मध्ये राज्यात उलटी चर्चा सुरू झाली: महिला व बालविकास मंत्र्यांच्या एका पत्रातून विधवांसाठी ‘गंगा भागीरथी’ हे संबोधन वापरण्याचा प्रस्ताव पुढे आला आणि गदारोळ झाला. प्रस्तावामागचा हेतू म्हणे सन्मानाचा होता. असेलही. पण ज्या बाईला घाण्याच्या मुसळाला हात लावू देत नाही, तिला नदीचं नाव देऊन काय होणार? माझ्या ‘श्रीमती’नेही तिला पाटावर बसवलं नव्हतं. नावं ठेवण्यात आणि नावं देण्यात आपण हुशार आहोत, एवढंच.

या सगळ्यात मला खरी आशा वाटली ती हेरवाडमुळे. शिरोळ तालुक्यातलं हे गाव आमच्यापासून फार लांब नाही. ४ मे २०२२ रोजी हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला की पती वारल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. राजर्षी शाहू महाराजांना जाऊन त्याच आठवड्यात शंभर वर्षं होत होती. त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा कित्ता गिरवायला सांगितलं, आणि पुष्कळ गावांनी ठराव केलेही.

ठरावाने काय होतं, असं विचारणारे तेव्हाही होते. कायदाच करा, दंड लावा, असं काहींचं म्हणणं. मला उलट वाटतं की कायद्यापेक्षा ग्रामसभेने इथे जास्त मोलाचं काम केलं, आणि ते शिक्षेचं नव्हे. प्रत्येक घर म्हणत होतं: आमचं काही नाही हो, पण लोक काय म्हणतील. आता लोक म्हणजे कोण? तीच गावातली घरं. प्रत्येक घर दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होतं आणि दुसरं पहिल्याच्या. ग्रामसभेत हात वर झाले तेव्हा लोक काय म्हणतात ते लोकांनी एकदाचं सांगून टाकलं. दुसऱ्याच दिवसापासून गावातल्या माणसाला ‘लोकांसाठी’ बांगड्या फोडाव्या लागतात असं म्हणता येईना. फोडायच्याच असतील तर माझ्यासाठी फोडतो, असं म्हणावं लागणार. आणि तसं म्हणायला फार थोडे तयार होतात. धर्माच्या नावावर चालणाऱ्या कितीतरी गोष्टींना पाठीराखा कोणीच नसतो. असतात ते सगळे दुसऱ्यासाठी करणारे.

अर्थात ठरावाचाही ‘श्रीमती’ होऊ शकतो. कमानीवर फलक, वर्तमानपत्रात फोटो, आणि आत ओटी भरताना नजरेनेच कोणाला तरी मागे सरकवायचं. ते होईल, काही ठिकाणी होतही असेल. कुंकू पुसणं ग्रामसभेला थांबवता येतं, पाचव्या सवाष्णीची मोजणी नाही. ती स्वयंपाकघरात होते, आणि तिथे ठराव पोचत नाही. पोचलाच तर एखादा प्रश्न पोचतो, आणि तोही ‘ना’ न लावता विचारला तर.

‘त्यांना स्वतःलाच नको असतं’ हा आक्षेप मात्र मी झटकून टाकत नाही. काही जणींना खरंच नको असतं. चार चौघींत पुढे यायचं, कोणीतरी कुजबुजणार, मुलाच्या संसारात पुढे काही बरंवाईट झालं तर ते आपल्या हाताला चिकटवणार, हे भय त्यांचं स्वतःचं असतं. वर्षानुवर्षं अंगात मुरलेलं. तुम्ही तिला ओढून पाटावर बसवलंत आणि टाळ्या वाजवल्यात, तर तोही एक प्रकारचा वरवंटाच. तिच्या नकाराचाही मान राखला पाहिजे. पण मान नकाराचा राखायचा असतो. नकार गृहीत धरण्याला मान राखणं म्हणत नाहीत. पंचवीस वर्षं मी हा फरक पुसट ठेवला, कारण पुसट ठेवण्यात माझी सोय होती.

येत्या मार्गशीर्षात माझ्या मुलीचं लग्न आहे. आई आता सत्त्याहत्तर वर्षांची. गुडघे दुखतात, पण याद्या अजून तीच करते. मागच्या कोऱ्या पानांच्या जुन्या डायरीत, शाईच्या पेनाने. गेल्या रविवारी ती शेवया निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि म्हणालो, ‘आई, घाण्याला मुसळावर पहिला हात कोणाचा?’ एवढंच. पुढे काही जोडायचं नाही असं मी ठरवून आलो होतो, आणि ते न जोडणं किती जड जातं ते तेव्हा कळलं. जिभेवर चार वाक्यं आली होती: तुझाच हवा, तुला त्रास नको, तू म्हणशील तसं, तुला चालेल ना.

तिने ताटातला एक खडा वेचून बाजूला ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. ‘विचार करून सांगते,’ म्हणाली.

आज आठवा दिवस. अजून तिने काही सांगितलेलं नाही.